एक पेढी, अनेक दरवाजे
देशोदेशीची डोमेन व अनेक भाषांची वेबसाइट : व्यापाऱ्यांसाठी काही धडे

आमचा धंदा टॉवेल, नॅपकिन आणि चादरींचा. पूर्वी सोलापूरचा माल मुंबईच्या दलालामार्फत आखातात जाई आणि गिऱ्हाईक कोण, हेही आम्हाला कळत नसे. आता परदेशातील गिऱ्हाईक आधी वेबसाइट पाहते, मग फोन करते. त्यामुळे आमचे व्यापारी बांधव एक प्रश्न वारंवार विचारतात. माल दुबईला जातो, रियाधला जातो, जर्मनीलाही जातो. मग प्रत्येक देशाच्या नावाचे वेगळे डोमेन घ्यावे काय? आणि अरबी, उर्दू, इंग्रजी या भाषांची पाने कोठे ठेवावीत?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकातून नव्हे, तर नुकसान सोसून शिकलो. म्हणून प्रथम ती हकिकत सांगतो.

दुबईत आमचे एक जुने कमिशन एजंट होते. अतिशय दीनदार व सचोटीचे गृहस्थ. तिकडे 'डॉट एई' हे अमिरातीचे डोमेन घ्यायचे ठरले, तेव्हा आम्ही फोनवर सांगून टाकले, "भाईसाहेब, तुमच्याच नावावर घेऊन टाका, हिशोबात धरू." त्यांनी घेतले. पाच वर्षे सर्व सुरळीत चालले. मालाच्या खोक्यांवर आम्ही तो पत्ता छापला. मग त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो. नूतनीकरणाच्या सूचना त्यांच्या ईमेलवर येत राहिल्या, आणि तो ईमेल उघडणारे कोणी उरले नव्हते. मुलांची नियत साफ होती, पण त्यांच्याजवळ पासवर्ड नव्हता, आणि आमच्याजवळ कागदाचा एक कपटाही नव्हता. मुदत संपली, नाव सुटले आणि कोणा अनोळखी माणसाने ते उचलले. एके दिवशी शारजाहच्या एका दुकानदाराचा फोन आला, "हाजीसाहेब, तुमच्या टॉवेलच्या खोक्यावरचा पत्ता उघडला तर जुगाराच्या जाहिराती दिसतात!"

त्या दिवशी आमची मान खाली गेली. गोदामातील खोक्यांवर कागद चिकटवून आम्ही तो पत्ता झाकला; पण जो माल आधीच गेला होता त्याचे काय करणार? त्यात कोणी बेइमानी केली नव्हती. चूक एवढीच, की व्यवहार लिहिलेला नव्हता.

देशाचे आडनाव

डोमेन म्हणजे इंटरनेटवरील दुकानाचा पत्ता. त्याचा शेवटचा भाग आडनावासारखा असतो. 'डॉट कॉम' हे कोणत्याही देशाचे नाही. दोन अक्षरी आडनावे मात्र देशांची असतात : भारताचे 'डॉट इन', अमिरातीचे 'डॉट एई', सौदी अरबचे 'डॉट एसए', जर्मनीचे 'डॉट डीई'. आपल्या 'डॉट इन'चा कारभार नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' हे आडनावही मिळू लागले. सौदी अरब, अमिरात व इजिप्त यांना अरबी लिपीतील आडनावे २०१० मध्येच मिळाली.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. डोमेन विकत मिळत नाही. ते भाड्याने मिळते. वर्षाचे वा काही वर्षांचे भाडे भरायचे. भरले नाही तर पागडीचे दुकानही हातचे जाते, तसे हे जाते. 'डॉट कॉम'च्या बाबतीत मुदत संपल्यावर नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या नियमानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते. त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येते. पुढे ५ दिवसांनी ते कोणालाही खुले होते. देशांच्या आडनावांचे नियम वेगवेगळे आहेत. कोठे सवलत कमी, कोठे जास्त.

ही चूक फक्त लहान व्यापाऱ्यांकडून होते असे समजू नये. २००३ साली मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी आपल्या हॉटमेलच्या ब्रिटिश डोमेनचे नूतनीकरण विसरली आणि ते दुसऱ्याने घेतले. एप्रिल २०२१ मध्ये गूगलचे अर्जेंटिनातील डोमेन तेथील एका तरुणाने चार पैशांत नोंदवले. थोड्या वेळाने ते गूगलला परत मिळाले. मोठ्या कंपनीला परत मिळते. आपल्याला कोण परत देणार?

देश वेगळा, भाषा वेगळी

आमच्या मते सारा गोंधळ येथेच होतो. देश आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरबी एक भाषा आहे, पण ती बोलणारे देश अनेक आहेत. भारत एक देश आहे, पण भाषा अनेक आहेत. स्वित्झर्लंड तर चिमुकला देश, तरी तेथे जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही भाषांत व्यापार चालतो.

संगणकाला भाषा सांगण्यासाठीही दोन अक्षरांच्या खुणा आहेत आणि त्या देशांच्या खुणांसारख्याच दिसतात. भाषेच्या यादीत 'एआर' म्हणजे अरबी. पण 'डॉट एआर' हे आडनाव अर्जेंटिनाचे आहे. भाषेच्या यादीत 'एसए' म्हणजे संस्कृत. देशांच्या यादीत तेच सौदी अरब. आणि आपल्या मराठीची खूण 'एमआर', तर 'डॉट एमआर' हे आफ्रिकेतील मॉरिटानियाचे आडनाव. एकाच खुणेने दोन्ही कामे होत नाहीत, हे यावरून समजावे.

भाषा बदलली की शब्द बदलतात. देश बदलला की भाव, कर, सुट्टी आणि कायदा बदलतो. अमिरातीत व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे. सौदी अरबनेही त्याच दिवशी ५ टक्क्यांनी सुरुवात केली, पण १ जुलै २०२० पासून तो १५ टक्के केला. अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी व शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. सौदी अरबमध्ये २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे. कुवेत, बहारीन व ओमानच्या चलनात भाव लिहिताना दशांशानंतर तीन अंक येतात. दोन अंकांच्या चौकटीत कुवेती दिनारचा भाव बसवला की हिशोब चुकलाच. म्हणजे अरबी मजकूर एक असला, तरी भावाचे पान एक असू शकत नाही.

जर्मनीची गोष्ट आणखी वेगळी. तेथे व्यापारी वेबसाइटवर मालकाचे नाव, पत्ता वगैरे देणारे 'इम्प्रेसुम' नावाचे पान कायद्याने लागते. युरोपीय संघात कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे गिऱ्हाइकाला खरेदीपूर्वी, त्या देशाच्या अधिकृत भाषेत कळले पाहिजे. आणि १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमांप्रमाणे, बाहेरून येऊन तेथील ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या मालासाठी संघाच्या हद्दीत एक जबाबदार व्यक्ती वा संस्था नेमावी लागते. हे सर्व करण्याची तयारी नसेल, तर 'डॉट डीई'ची पाटी लावून काय उपयोग?

तीन पद्धती

अनेक देश व अनेक भाषा सांभाळण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत.

पहिली, प्रत्येक देशाला वेगळे डोमेन. अॅमेझॉन भारतात 'डॉट इन', अमिरातीत 'डॉट एई', सौदीत 'डॉट एसए' आणि जर्मनीत 'डॉट डीई' चालवते. त्यातही पाहा, भारतातील एकाच 'डॉट इन'वर हिंदी, मराठी, तमिळ अशा भाषा आहेत. या पद्धतीचा फायदा असा, की गिऱ्हाइकाला दुकान आपल्या देशातले वाटते, आणि गूगललाही ही पाने कोणत्या देशासाठी आहेत याचा ठळक इशारा मिळतो. तोटा असा, की प्रत्येक डोमेनचे भाडे, सुरक्षा सर्टिफिकेट, देखभाल आणि नावलौकिक वेगवेगळा कमवावा लागतो. एका दुकानाची पुण्याई दुसऱ्याला आपोआप मिळत नाही.

दुसरी, एकाच डोमेनच्या पुढे लहान नाव जोडून उपविभाग करणे. यास सबडोमेन म्हणतात. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात आरंभी 'एमआर' आणि उर्दू विकिपीडियाच्या पत्त्यात 'यूआर' असते, ती ही पद्धत.

तिसरी, एकाच डोमेनच्या आत फोल्डर करणे, जसे एका इमारतीत वेगवेगळे मजले. बीबीसीची मराठी व उर्दू पाने एकाच मुख्य पत्त्यापुढे 'मराठी' वा 'उर्दू' असा शब्द जोडून उघडतात. फर्निचर विकणारी आयकिया कंपनी तर आपल्या 'डॉट कॉम'मध्ये आधी देशाचा मजला, मग त्यात भाषेची खोली, अशी रचना करते. भाडे एकदा, देखभाल एका ठिकाणी.

खुद्द गूगलने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की देशोदेशीची त्याची शोध-डोमेन हळूहळू 'डॉट कॉम'कडे वळवली जातील. गिऱ्हाईक कोठे उभे आहे हे त्यांना डोमेनशिवाय कळते, म्हणून त्यांना ती गरज उरली नाही. यावरून देशाचे डोमेन निरुपयोगी झाले असा अर्थ काढू नये. एवढेच समजावे, की ज्यांना खर्चाची चिंता नाही तेही निष्कारण दरवाजे वाढवत नाहीत.

कोणता देश कोणास नाव देतो

प्रत्येक देश परक्याला आडनाव देतोच असे नाही. 'डॉट इन' आणि 'डॉट डीई' परदेशी माणसालाही मिळते. फ्रान्सचे 'डॉट एफआर' घेण्यास युरोपीय संघात किंवा नॉर्वे, स्वित्झर्लंड अशा ठरावीक शेजारी देशांत वास्तव्य लागते. कॅनडा आणि अमेरिका यांच्या आडनावांसाठीही त्या देशाशी खरा संबंध दाखवावा लागतो. अशा वेळी कोणी म्हणते, "आमच्या ओळखीच्या माणसाच्या नावावर घेऊन देतो." हा मोह टाळावा. एक तर ते नियमाला धरून नसते, आणि आमची हकिकत आपण वर वाचलीच आहे.

नियम बदलतात, हेही लक्षात असावे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून केवळ ब्रिटनच्या पत्त्यावर घेतलेली 'डॉट ईयू' डोमेन बंद पडली. युगोस्लाव्हिया हा देशच नकाशावरून गेला, तेव्हा त्याचे 'डॉट वाययू' हे आडनावही २०१० मध्ये संपले. म्हणून पेढीचा मुख्य पत्ता कोणत्याही परक्या देशाच्या आडनावावर टांगू नये.

कोणी आपले नाव मुद्दाम पळवले तर दाद मागता येते. १९९९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याहू कंपनीच्या बाजूने 'याहूइंडिया' या डोमेनविरुद्ध मनाई हुकूम दिला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरवले. 'डॉट इन'साठी लवादाची वेगळी सोय आहे. पण त्यासाठी आपला ट्रेडमार्क नोंदवलेला असणे फार मोलाचे. आमचे नाव तर कोणी पळवलेच नव्हते; आम्हीच ते सोडून दिले होते. अशा प्रसंगी न्यायालयात काय सांगणार?

दोन्ही वह्या जुळल्या पाहिजेत

एकच मजकूर इंग्रजीत भारतासाठी व अमिरातीसाठी दोन ठिकाणी असला, तर गूगलला प्रश्न पडतो की कोणते पान कोणाला दाखवावे. त्यासाठी पानाच्या आत 'एचरेफलँग' नावाची खूण घालतात. गूगलने ती २०११ मध्ये सुरू केली. ती सांगते, की हे पान अमुक भाषेचे व अमुक देशाचे, आणि याची इतर रूपे तमुक पत्त्यांवर आहेत.

हिचा नियम व्यापाऱ्याला चटकन समजेल. आपल्या वहीत त्याच्या नावे जमा आहे, पण त्याच्या वहीत आपल्या नावे काहीच नाही, तर हिशोब जुळत नाही. तसेच येथे. अरबी पानाने इंग्रजी पानाकडे बोट दाखवले, तर इंग्रजी पानानेही अरबी पानाकडे दाखवले पाहिजे. नाहीतर खूण धरली जात नाही. प्रत्येक पानाने स्वतःचीही नोंद करावी. खुणेत भाषा आधी, देश नंतर. केवळ देश लिहून चालत नाही. नेहमी होणारी चूक ब्रिटनबाबत : त्याचे डोमेन 'यूके' असले तरी या खुणेत 'जीबी' लिहावे लागते. ज्यांच्यासाठी कोणतेही पान ठरलेले नाही, अशा गिऱ्हाइकांसाठी 'एक्स-डिफॉल्ट' ही सर्वसाधारण खूण ठेवावी.

आणखी एक. गिऱ्हाईक कोणत्या देशातून आले ते ओळखून त्याला बळेच दुसऱ्या पानावर ढकलू नये. दुबईत राहणारा रत्नागिरीचा माणूस इंग्रजी वा उर्दू पान शोधत असेल. त्याला अरबी पानावर नेऊन सोडले तर तो निघून जाईल. गूगलचे यंत्रही बहुधा अमेरिकेतून पाने वाचते. त्यालाही तुम्ही एकाच पानावर ढकलाल आणि बाकीची पाने त्याला दिसणारच नाहीत. वर कोपऱ्यात भाषांची नावे त्या त्या भाषेत लिहावी व निवड गिऱ्हाइकावर सोडावी. भाषेसाठी झेंड्याचे चित्र लावू नये. अरबीसाठी कोणाचा झेंडा लावणार?

लिपी आली म्हणजे भाषा आली नाही

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. अरबी लिपी डोळ्यांना सवयीची. त्यामुळे अरबी पान आपणच तपासू, असा आमचा गैरसमज होता. ऑर्डरच्या अर्जात पैशांच्या रकान्यावर आम्ही 'रक़म' लिहवले. उर्दूत ते बरोबर, मराठीतही 'रक्कम' म्हणजे पैसेच. पण अरबीत 'रक़म' म्हणजे अंक, क्रमांक. गिऱ्हाइके तेथे फोन नंबर लिहू लागली! पैशांच्या रकमेला अरबीत 'मब्लग़' म्हणतात, आणि गंमत अशी, की आपले बुजुर्ग हुंडीवर 'मुबलग़ इतके रुपये' असे लिहीतच असत. तसाच 'ग़रीब' हा शब्द. आपल्याकडे निर्धन, अरबीत परका किंवा विचित्र.

मालाच्या नावांतही हेच. टॉवेलला लिखित अरबीत 'मिन्शफा' म्हणतात, आखातात 'फूता'ही चालते. पण येमेनमध्ये 'फूता' म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र. म्हणून ज्या देशात विकायचे, तेथील एका माणसाकडून पान वाचून घ्यावे आणि त्याची मजुरी द्यावी. यंत्राचे भाषांतर पहिल्या मसुद्यापुरते ठीक. त्यावर सही माणसाची हवी. अरबी व उर्दू पाने उजवीकडून डावीकडे जातात, तेव्हा नुसता मजकूर नव्हे, तर सगळी मांडणी फिरवून घ्यावी.

डोमेनची वही

आता सर्वांत महत्त्वाचे. खुदा न करो, पण आमच्यासारखा प्रसंग आपल्यावर येऊ नये यासाठी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक डोमेनसाठी एक पान, आणि त्यावर पुढील नोंदी :

१. डोमेनचे पूर्ण नाव आणि ते कोणत्या देशाचे.
२. नोंद कोणाच्या नावावर. येथे पेढीचेच नाव हवे. वेबसाइट बनवणाऱ्याचे, एजंटाचे वा भाच्याचे नव्हे.
३. कोणत्या कंपनीकडे नोंदवले आणि भाडे कोणत्या खात्यातून जाते.
४. मुदत संपण्याची तारीख. तिच्या ९० व ३० दिवस आधीच्या तारखाही लिहाव्यात.
५. सूचना कोणत्या ईमेलवर येतात. हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले की तोही बंद पडतो व सूचना कोणालाच मिळत नाही.
६. सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत. ही मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत असून १५ मार्च २०२९ पासून ती फक्त ४७ दिवसांची राहणार आहे; म्हणून ते आपोआप बदलण्याची सोय करून घ्यावी.
७. कोणत्या भाषांची पाने आहेत, भाषांतर कोणी व कधी तपासले.
८. मालकाखेरीज दुसरा कोण जाणकार आहे.

पासवर्ड या वहीत लिहू नयेत. ते बंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत आणि घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असावे. देशातील एजंटाच्या नावावर डोमेन घेण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर ते पेढीच्या वतीने अमानत म्हणून घेतले आहे, भाडे पेढी भरते, आणि संबंध संपल्यास वा मृत्यू झाल्यास ते परत करावे, असा करार लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

असा कागद मागितला तर समोरच्याला अविश्वास वाटेल, या संकोचाने आपण गप्प बसतो. पण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची जी ताकीद आहे, ती अविश्वासासाठी नाही. माणूस विसरतो, आजारी पडतो, जगातून जातो, लिहिलेले राहते. आमच्या मरहूम मित्राच्या मुलांना आजही त्या गोष्टीचे वाईट वाटते. एक कागद असता, तर त्यांच्या मनावरचे ओझे टळले असते.

आमचा सल्ला

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 'डॉट कॉम' आणि 'डॉट इन' ही दोन नावे पेढीच्या नावे घ्यावीत. वेबसाइट एकच ठेवावी व दुसरे नाव तिच्याकडे वळवावे. भाषा फोल्डरमध्ये ठेवाव्यात : आधी इंग्रजी, मग ज्या भाषेत खरोखर विचारणा येते ती. ज्या देशात आपला माल गोदामात आहे, भाव तेथील चलनात आहे, परत आलेला माल घेणारा माणूस आहे आणि कराची नोंदणी आहे, त्याच देशाचे डोमेन चालवावे. नाव कोणी पळवू नये म्हणून इतर एखादे घेऊन ठेवायचे असेल तर खुशाल घ्यावे, पण त्याची नोंद वहीत हवीच. आणि एकदा खोक्यावर छापलेले डोमेन व्यापार बंद झाला तरी वर्षानुवर्षे सोडू नये. त्याचे भाडे थोडे. गेलेली अब्रू महाग.

आम्ही आज चार डोमेन सांभाळतो. त्यांपैकी चालू दुकान एकच आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती वही उघडली जाते आणि आमची सून त्यातील तारखा मोठ्याने वाचते. तिला सर्व ठाऊक आहे. आपल्या पेढीत हे कोणाला ठाऊक आहे, याची आजच चौकशी करावी.